कागदावरचा टेम्पो रस्त्यावर आणणारे रणपिसे साहेब

श्री. केशवराव रणपिसे यांना मी प्रथम पाहिले ते कामथडीच्या आमच्या पोहे कंपनीत, टंकलेखिकेच्या जागेसाठी मुलाखतीला गेले तेव्हा. पानशेतचे धरण फुटले त्याला तीन-चार वर्षे झाली होती. साहेब कंपनीचे मुख्य हिशेबनीस होते. त्यांनी मला एक मजकूर टंकायला दिला, तो नीट वाचला आणि म्हणाले, "चुका आहेत, पण लपवलेल्या नाहीत. उद्यापासून या." भोरहून रोज एसटीने एकट्या येणाऱ्या मुलीला नोकरी द्यावी की नाही, याचा मॅनेजर तेव्हा अजून विचारच करीत होते.

साहेबांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी "जरा गोड लिहा" असे समितीने मला सुचवले आहे. ते मला जमणार नाही. कंपनीनेही या ग्रंथासाठी शुभेच्छांचे पान पाठवले आहे, आणि त्यात साहेबांना "वरखर्च आटोक्यात ठेवणारे काटकसरी अधिकारी" म्हटले आहे. ते वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेबांनी वरखर्च वाढवला होता, आणि गौरव करायचा तर त्यासाठीच केला पाहिजे.

वरखर्च म्हणजे प्रत्यक्ष पोहे करायला न लागणारा खर्च. दिवाबत्ती, कारकुनांचे पगार, गाड्या. त्यातच एक टेम्पो होता. वेल्ह्याच्या वाटेवरच्या वाड्यांतून पोहे निवडायला येणाऱ्या बायकांना तो सकाळी आणी आणि संध्याकाळी सोडी. एका वर्षी संचालकांना वरखर्च डोईजड वाटू लागला. त्यांना स्वतःला पुण्याहून आणणारी मोटार कुणाच्या डोळ्यांत खुपली नाही. बायकांचा टेम्पो तेवढा खुपला, आणि बंद झाला. बायका उजाडायच्या आत निघून पायी येऊ लागल्या. पोचायला उशीर झाला की अर्ध्या दिवसाची मजुरी कापली जाई. हिराबाई नावाची एक बाई तान्हे मूल पाठीशी बांधून येत असे. ती मला एकदा म्हणाली, "ताई, लई झालं. पाय चालत न्हाईत. म्या आता काम सोडनार." तिच्या घरात दुसरी मिळकत नव्हती.

सहामाही हिशेब मांडला गेला. वरखर्च घटला म्हणून नफा वाढला, आणि नफा वाढला म्हणून प्राप्तिकराची रक्कमही वाढली. यात न समजण्यासारखे काय आहे? पण पुण्याहून आलेले अध्यक्ष साहेबांवरच उखडले. पत्रे लिहून घ्यायला मी त्याच खोलीत बसले होते.

"टेम्पोचा खर्च पहिल्यासारखा दाखवत जा," अध्यक्ष म्हणाले. "वेल्ह्याच्या रस्त्यावर बघायला कोण जातंय?"

म्हणजे बायकांनी पायी यायचे, त्यांची मजुरी कापायची, आणि वर त्यांच्याच नावाने कागदावर टेम्पो पळवून कर वाचवायचा! असली निर्लज्ज मागणी अध्यक्षांनी चहाचे घोट घेत केली, हे आठवले की आजही माझा तोल जातो.

साहेबांचा गेला नाही. "मागच्या महिन्यांचा खर्च मी दाखवणार नाही, तो झालेलाच नाही," ते म्हणाले. "पुढचा दाखवायचा असेल तर टेम्पो उद्यापासून निघेल."

"मी तसं म्हणालो नाही."

"पण मला जे होतं तेवढंच लिहिता येतं."

डिझेलच्या चिठ्ठीवर सही साहेबांचीच लागे. ती त्यांनी केली, आणि दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरशेजारी बसून स्वतः वेल्ह्याच्या वाटेला गेले. पुढचे मला हिराबाईंनी सांगितले. बायका आधी गाडीत चढेनात. हिराबाईंनी विचारले, "ह्याचं पैसं पगारातनं कापनार न्हवं?" साहेबांनी त्यांना सगळे उघड सांगितले. तुमच्या येण्याजाण्याचा खर्च कंपनीला कागदावर हवा आहे, तेव्हा उपकार समजू नका, हक्काने बसा.

हे बोलणे त्यांना भोवले. महिनाभरात त्यांना काढून टाकण्याचे पत्र निघाले, आणि ते टंकायचे काम माझ्याच वाट्याला आले. कारण दिले होते, "वरखर्चात अनाठायी वाढ". माझे वडील दवाखान्यात होते तेव्हा याच साहेबांनी मला रोज लवकर सोडले होते. उरलेली पत्रे ते स्वतः एका बोटाने टंकत, आणि ती मला सकाळी गुपचूप पुन्हा टंकावी लागत. त्या माणसाच्या हाती मी ते पत्र ठेवले. त्यांनी ते वाचले, पोच लिहून दिली आणि कपाटाच्या किल्ल्या मोजून माझ्यापुढे ठेवल्या.

ते गेले त्याच आठवड्यात टेम्पो पुन्हा बंद झाला. त्या दिवशी बायका चालत आल्या, पण कामाला आत गेल्या नाहीत. फाटकाशी हिराबाई मॅनेजरना म्हणाल्या, "आमच्या नावानं गाडी लिवायची तर गाडी धाडा. न्हाईतर इन्कमटॅक्सवाल्यास्नी आमी सांगतो, आमी चालत येतो म्हनून." मॅनेजरांच्या तोंडचे पाणी पळाले. दुसऱ्या दिवशी टेम्पो निघाला, तो आजतागायत बंद झालेला नाही. कंपनी त्याला आता "संचालकांच्या दूरदृष्टीची साक्ष" म्हणते. साहेबांना मात्र कुणी परत बोलावले नाही. उत्रोलीला भाताची शेती करीत ते राहिले, आणि या सगळ्याबद्दल त्यांच्या तोंडून एक कडू शब्द मी कधी ऐकला नाही. म्हणून ते शब्द मी इथे लिहिले.

रणपिसे साहेबांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. आमच्या अध्यक्षांनाही तेवढेच लाभो, आणि त्यांची नजर शेवटपर्यंत चांगली राहो. म्हणजे हिराबाईंचा टेम्पो फाटकातून आत येताना त्यांना पुण्याहून आल्यावर दर खेपेला दिसेल.