चार बोटांची दुमड

भाडेकरू कोण आणि घरमालक कोण, हे पडदेवाल्या काकू दुमडीवरून सांगायच्या. भाडेकरूच्या पडद्याला खाली चार बोटं जास्तीची दुमड सोडायची. उद्या घर बदललं आणि तिथली खिडकी लांब निघाली, तर टाके उसवून पडदा खाली सोडता येतो. स्वतःचं घर असेल त्याचा पडदा मात्र मापात कापायचा, कारण त्याची खिडकी कुठं पळून जात नाही. तीस वर्षं काकूंनी असेच पडदे शिवले. त्यांच्या स्वतःच्या खिडकीचा पडदा पाच भाड्याच्या घरांत फिरला होता. उसवून उसवून त्याच्या किनारीची पार चाळण झाली होती.

अशा या बाईनं अठ्ठावन्नाव्या वर्षी घर घ्यायचं मनावर घेतलं. हौस कसली डोंबलाची! काका जन्मभर बस चालवून गुडघ्यांनी अधू झालेले. राहायला तिसरा मजला, बासष्ट पायऱ्या, आणि लिफ्टचं नाव नाही. दोन वर्षं तो माणूस खाली उतरला नव्हता. दिवसभर खिडकीशी बसायचा आणि कोपऱ्यावरच्या थांब्यावर कोणाची बस चुकली ते काकूंना सांगायचा. "गेली बघ, अर्ध्या मिनिटानं गेली बिचारीची."

त्यातच मास्तरांचं घर विकायला निघालं. मास्तर चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, बायको चार वर्षांपूर्वी गेलेली, आता मुलीकडे राहायला जाणार म्हणत होते. तळमजला, दाराला एकच पायरी आणि त्या पायरीवर दुपारपर्यंत ऊन. काकूंनी खोल्या धड पाहिल्याच नाहीत म्हणा ना! पायरी पाहिली आणि ठरवून टाकलं. बँकेनं दोघांच्या नावावर कर्ज मंजूर केलं. मास्तरांनी तर विसारसुद्धा घेतला नाही. "काय ते कराराच्या दिवशी बघू. शब्द दिला म्हणजे दिला," म्हणाले.

पुढं मात्र घोडं अडलं. सोसायटीचं पत्र यायला तीन आठवडे गेले. मग वकील आजारी पडले. ते बरे झाले तर मास्तर म्हणाले, मुलीशी एकदा नीट बोलून घेतो, पुढच्या आठवड्यात बघू. आता या पुढच्या आठवड्याची एक खोड असते, तो कधी येतच नाही. एजंटानं काकूंना फोनवर बजावलं, "काकू, सही होईपर्यंत घर त्यांचंच आहे. कशाला हात लावू नका."

काकूंनी कशालाही हात लावला नाही. पण मशीनवर हात गप्प बसेना. खिडक्यांचं माप त्यांनी पहिल्याच भेटीत घेतलं होतं, सवयीनंच. जुन्या पद्धतीच्या त्या खिडक्या, एक साडेत्रेपन्न इंच, दुसरी त्याहून दोन इंच कमी. असलं माप दुसरीकडे कुठं सापडायचं नाही. काकूंनी पिवळसर जाड कापड आणलं आणि कात्री लावली. खाली दोन बोटांची दुमड घातली, बस्स. जन्मात पहिल्यांदा त्यांनी स्वतःसाठी मापात कापलं होतं.

"बाजारात तुरी," काका खिडकीजवळून म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो."

कराराचा दिवस एकदाचा ठरला. गुरुवार, सकाळी अकरा, वकिलांचं ऑफिस. सही काकांचीही हवी होती. ते पहाटेच दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले.

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," काकू म्हणाल्या.

"गुडघाच धड नाही, बाशिंग बांधू कुठं?"

खालच्या मजल्यावरचा सुतार आणि त्याचा भाऊ वर आले. त्यांनी काकांना हाताच्या खुर्चीत बसवलं आणि खुर्चीसकट उचललं. काका डोळे मिटून पायऱ्या मोजत होते. बासष्ट झाल्यावर त्यांनी डोळे उघडले, आणि काकूंनी पिशवी छातीशी धरली. पिशवीत पडदे होते. सही झाली की तडक जाऊन लावायचे, असं त्यांनी ठरवलं होतं.

अकराचे बारा झाले, बाराचा एक. मास्तर फोन उचलेनात. शेवटी एजंटाला त्यांचा निरोप आला. तो वाचून एजंटानं फोन खिशात टाकला आणि खाली बघत म्हणाला, "काकू, त्यांना घर विकायचं नाही म्हणतात."

काकूंचा संताप संताप झाला. काय शब्द, काय शब्दाचा माणूस! या माणसाला बासष्ट पायऱ्या उतरवून आणलं, तो काय वकिलाचा पंखा बघायला? काकांनी त्यांचा हात धरला.

"उतरलोच आहे, तर घर तरी दाखव मला."

सुताराच्या टेम्पोतून ते मास्तरांकडे गेले. मास्तरांनी दार उघडलं आणि तिथंच उभे राहिले. आत खोकी बांधून ठेवलेली होती. बायकोनं लावलेले पडदे त्यांनी कधीच देऊन टाकले होते, खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवलेली.

"मुलगी म्हणाली, सध्या येऊ नका, जागा नाही," मास्तर म्हणाले. "जावयाच्या मनात नाही. मी कुठं जाऊ, वहिनी? तुम्हाला फोन करायची लाज वाटली हो."

वाटेत काकूंनी चांगलं खडसावायचं ठरवलं होतं. पण आता त्या वर्तमानपत्रांकडे बघत राहिल्या.

"स्टूल आहे का?" त्यांनी विचारलं.

त्यांनी कागद काढले, काचा पुसल्या, पडदे दांडीत ओवले. साडेत्रेपन्नचा साडेत्रेपन्नला, दुसरा दुसरीला. दोन्ही अगदी बरोबर बसले, ना बोटभर वर ना बोटभर खाली. मास्तर पैसे विचारायला लागले तेव्हा काकू म्हणाल्या, "हे दुसरीकडे कुठं बसायचे नाहीत. राहू द्या."

काका तोवर बाहेर पायरीवर बसले होते. ऊन थोडंच उरलं होतं, पण होतं. रस्त्यानं एक बाई दोन पिशव्या घेऊन रमतगमत चालली होती. काकांना वळणावर बस दिसली. "अहो ताई, पळा! आली बस!" ते ओरडले. बाई पळाली आणि तिला बस मिळाली. दारातून तिनं हात केला. काकांनीही हात केला, आणि बस दिसेनाशी झाली तरी तो खाली घेतला नाही. काकू दारात उभ्या राहून हे बघत होत्या.

संध्याकाळी सुतारानं आणि त्याच्या भावानं खुर्ची पुन्हा बासष्ट पायऱ्या वर चढवली. काकांना खिडकीशी ठेवून ते गेले. काकू रिकामी पिशवी मांडीवर घेऊन बसल्या.

"पुढच्या वेळी," काका हळूच म्हणाले, "चार बोटं दुमड सोड हो."

"नाही सोडणार," काकू म्हणाल्या. "स्वतःच्या घराला कोणी सोडतं का?"

आणि जन्मात रडल्या नव्हत्या तशा त्या रडल्या.