क्षमा केली, दावा ठेवला

धीरजबेन संघवीचे खाखरे ज्याने खाल्ले नाहीत, तो विसनगरचा नव्हेच. पंचवीस वर्षं त्या विधवा बाईनं लाटण्याच्या जोरावर घर चालवलं, मुलगा वाढवला, सून आणली. आणि एका सकाळी देरासरातून, म्हणजे जैन मंदिरातून परतताना तिचा उजवा हात गेला. चीनुभाई कोठारींच्या घराचा छज्जा गल्लीत कोसळला, नि खालून जाणाऱ्या धीरजबेनचा हात कोपरापासून चेचला. हाड जुळलं, पण बोटं काही वळेनात.

छज्ज्याला तडा गेलाय हे तिनं चीनुभाईंना दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा तो गृहस्थ "बघतो, बेन" म्हणाला आणि पेढीवर निघून गेला. सांगताना तिसरं कुणी जवळ नव्हतं. मग गल्ली काय म्हणणार? "पूर्वकर्माचा उदय, दुसरं काय!" वा रे वा! छज्जा कोठारींचा, आळस कोठारींचा, आणि कर्म तेवढं धीरजबेनचं! त्याहून वाईट म्हणजे तिलाही ते पटलं होतं. पडल्या पडल्या ती बिचारी मागच्या जन्मातलं आपलं पाप धुंडाळत बसायची.

सून अल्पा मात्र खमकी. तिनं सासूला, म्हणजे आपल्या 'बा'ला, वकील लीनाबेनकडे नेलं.

"मला कुणाला तुरुंगात घालायचं नाही हं," धीरजबेननं बसायच्या आधीच सांगून टाकलं.

"घालायचंच नाहीये, बा. हा दिवाणी दावा. ज्याच्या हयगयीनं तुमचं नुकसान झालं, त्यानं ते भरून द्यायचं. छज्जा धोक्याचा आहे हे त्यांना माहीत होतं, एवढं दाखवता आलं की झालं."

दावा दाखल झाला. चीनुभाईंनी लेखी उत्तर दिलं, मला काहीच ठाऊक नव्हतं.

भादव्यात जैनांच्या पर्युषणाचा शेवटचा दिवस, संवत्सरी आली. दुसऱ्या दिवशी सगळे घरोघर हात जोडत फिरू लागले, तसे चीनुभाईही दारात येऊन उभे राहिले. "मिच्छामि दुक्कडं, धीरजबेन." वर्षभरातल्या चुकांची ही क्षमा सगळेच मागतात, तोंडपाठ असल्यासारखी. पण हा माणूस हलेना. खाली बघत हळूच म्हणाला, "तुम्ही सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

धीरजबेनचे डोळे भरून आले. "मिच्छामि दुक्कडं," तीही म्हणाली, अगदी आतून. आणि आत येऊन सुनेला म्हणाली, "दावा मागे घेऊ या, अल्पा."

"का? काय म्हणाले ते?"

"क्षमा मागितली. मी दिली." बाकीचं तिनं पोटात ठेवलं.

"द्या ना! पण हात आला का परत? तुमच्या केसांत फणी मी फिरवते, बा. कोठारी येतात का फिरवायला?"

लीनाबेननंही समजावलं. क्षमा मनाची, दावा नुकसानीचा, एकानं दुसरा संपत नाही. दावा राहिला.

साक्षीच्या दिवशी चीनुभाईंचे वकील पंड्या मिशीत हसतच उठले.

"संवत्सरीला माझ्या अशिलांना क्षमा केलीत?"

"केली."

"मनापासून?"

"मनापासून."

"मग इथं कशाला आलात, बेन?"

मागं कुणीतरी फिदीफिदी हसलं.

"वैर माझं होतं, ते सोडलं," धीरजबेन म्हणाली. "हात मी सोडला नाही, साहेब."

पंड्यांना तिथंच थांबायची बुद्धी झाली असती तर बरं झालं असतं. पण नाही! "क्षमा केलीत ती नेमकी कशाची? ते तर सगळ्यांचीच मागतात."

धीरजबेननं डाव्या हातानं कठडा घट्ट धरला. एक वाक्य बोललं की काम फत्ते. पण दारात हात जोडून बोललेलं, ते कोर्टात कसं ओतायचं?

"शपथ घेतलीय, खोटं बोलणार नाही," ती न्यायाधीशांना म्हणाली. "पण क्षमा मागताना माणूस जे बोलतो, ते त्याचं असतं. ते मला नका सांगायला लावू. दावा जात असेल तर जाऊ दे."

अल्पानं कपाळावर हात मारला. तेवढ्यात चीनुभाई उठले.

"खाली बसा. तुमची पाळी आल्यावर बोला," न्यायाधीश म्हणाले.

"पाळी आलीच आहे, साहेब." पंड्या बाही ओढत होते, ती त्यांनी सोडवून घेतली. "छज्जा पडेल म्हणून बेननं मला दोनदा बजावलं होतं. मी टाळलं. माझं लेखी उत्तर खोटं आहे."

हाड बसवताना जिनं हूं की चूं केलं नव्हतं, ती धीरजबेन कठड्यातच ढसाढसा रडायला लागली. अल्पा धावत गेली.

"बा, अहो रडताय काय? जिंकलात तुम्ही!"

"माझं नव्हतं गं ते," धीरजबेन म्हणाली. "अल्पा, ऐकलंस ना? माझं पाप नव्हतं."