नेझिहेबाईची उकळलेली सुई

नेझिहेचा राग गावाला पाठ होता. एकवीस वर्षं ती इथली नर्स नि सुईणही. गावातली सगळी तरणी पोरं तिच्या हातात जन्मलेली, त्यामुळे सगळ्यांवर ओरडायचा आपला हक्कच आहे असं ती समजायची. बाळाला करकचून बांधलं की ओरडायची, तापातल्या माणसावर घोंगड्या रचल्या की ओरडायची. पण तिच्या सुईला कुणी कधी नावं ठेवली नव्हती. काचेची सिरिंज आणि सुया ती डबीत वीस मिनिटं उकळायची, समोर घड्याळ ठेवून. आणि आमच्याकडे गोळीला औषध कुणी म्हणतच नाही. सुई टोचली तरच माणसाला बरं वाटतं.

म्हणून त्या वर्षी अक्रोड झोडपायच्या दिवसांत दोंदूची जीभ सुटली, तेव्हा नेझिहेच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दोंदूचा मुलगा ताहसिन एकवीस वर्षांचा. नेझिहेने या गावात केलेलं पहिलं बाळंतपण ते त्याचंच. त्याचा गुडघा सुजून भोपळा झाला. तालुक्याच्या डॉक्टरांनी संधिवात ठरवला आणि दर आठवड्याला पेनिसिलिनचं इंजेक्शन लिहून दिलं. नेझिहेने ते टोचलं. गुडघा होता तसाच राहिला, आणि जिथे सुई गेली तिथे दोन दिवसांनी पुवाचा फोड. दर वेळी.

"हिच्या सुईतच घाण!" दोंदू पाणवठ्यावर म्हणाली. "म्हातारी झाली, दिसत नाही, न उकळताच खुपसते."

झालं. बायका सुई घ्यायला मेंढ्यांना लस टोचणाऱ्या माणसाकडे जाऊ लागल्या. मेंढ्यांना टोचणाऱ्याकडे! गावचा कारभार बघणाऱ्या मुख्तार रिफ्कीने तर तिच्या बदलीचा अर्जच तयार केला. खाली अठ्ठावीस सह्या नि अंगठे. ज्यांच्या घरची बाळंतपणं करायला ही बर्फातून गुडघाभर चालत गेली, त्यांचेच अंगठे. कृतघ्न मेले!

आमच्या कहवाखान्यात बायका पाऊल ठेवत नाहीत. नेझिहेने ठेवलं. बगलेत डबी, मागे लंगडत ताहसिन, त्याच्या मागे शिव्या देत दोंदू.

"रिफ्की, बाही वर कर."

"अगं ताई, डाव तरी संपू दे..."

"तुझी तीन पोरं आली तेव्हा मी तुझ्या बायकोला म्हटलं होतं का, थांब गं, डाव संपू दे?"

हशा पिकला, आणि रिफ्कीने पानं खाली ठेवली. तिने डबी चहाच्या शेगडीवर ठेवली. वीस मिनिटं बावीस माणसं उकळत्या पाण्याकडे बघत बसली. मग एकाच डबीतल्या तीन सुया: एक तिने स्वतःच्या हाताला टोचली, दुसरी रिफ्कीच्या, तिसरी ताहसिनच्या. औषध नाही, नुसती टोचणी.

"परवा याच वेळी इथेच," ती म्हणाली. "मग बघू घाण कुठे आहे ते."

परवा बाह्या वर झाल्या. तिचा हात कोरडा, रिफ्कीचा कोरडा. ताहसिनच्या हातावर लाल गाठ, टोकाला पू.

"नर्सबाई जिंकल्या!" कुणीतरी ओरडलं. "पोराचंच रक्त नासकं!" रिफ्कीने स्वतः चहा पुढे केला. नेझिहेने एक घोट घेतला. गोड लागला, खोटं कशाला बोला. दुसरा न घेताच तिने पेला खाली ठेवला.

कारण हा फोड तिच्या ओळखीचा होता. सहा आठवड्यांपूर्वी, पहिल्याच सुईनंतर, तो तिने पाहिला होता. तेव्हा ती कुणावर ओरडली नव्हती. फोड कोलोनच्या स्पिरिटने पुसला, वर पट्टी लावली आणि म्हणाली होती, "आईला सांगू नकोस बाळा, उगाच बोभाटा होईल." पोराने ऐकलं. स्वतःच्या नावाच्या काळजीत तिने तेव्हापासून त्याच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं.

"तोंड उघड," ती खेकसली. ओठाच्या आत, जिभेच्या कडेला, पांढऱ्या बुडाचे व्रण. "कधीपासून?"

"येतात नि जातात. अक्रोड खाल्ले की जास्त."

"आणखी कुठे येतात?"

ताहसिनने मान खाली घातली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. नेझिहेला उत्तर मिळालं.

"लाजेपायी मर मेल्या! आणि हा डोळा लाल का?"

"झोडपताना कचरा गेला. तीन आठवडे झाले."

"दुसरा झाक. बोटं किती?"

"...तीन?"

तिने एकही बोट वर केलेलं नव्हतं.

दुसऱ्या सकाळच्या बसने तिघं अंकाराला गेली. मोठ्या इस्पितळातल्या पिकल्या केसांच्या डॉक्टरीणबाईंनी गुडघा दाबला, तोंड पाहिलं, डोळ्यात उजेड टाकला, रक्ताचे कागद वाचले. सूज आहे एवढं रक्त सांगत होतं. संधिवाताची खूण त्यात नव्हती.

"हा बेहचेटचा रोग असावा," त्या म्हणाल्या. "याची पक्की खूण रक्तात मिळत नाही. आम्ही नुसती सुई टोचतो आणि दोन दिवस थांबतो. या रोग्यांचं अंग टोचल्या जागीच पेटतं. पू येतो, पण त्यात जंतू नसतात."

"आमच्या कहवाखान्यात करून झालंय," नेझिहे म्हणाली.

बाई हसल्या. मग लेखणी उचलून त्यांनी विचारलं, "पहिला फोड कधी दिसला?"

"महिना झाला असेल," दोंदू म्हणाली.

एवढ्यावर भागत होतं. नेझिहे गप्प राहिली असती तर कुणाला काही कळलं नसतं. ताहसिनही तिच्याकडे न बघता जमिनीकडे बघत होता, तिची लाज राखायला.

"सहा आठवडे," नेझिहे म्हणाली. "मी पाहिला. आणि मीच लपवला."

लेखणी थांबली. "तेव्हा आणलं असतंत तर डोळ्याला धक्काही लागला नसता."

गोळ्यांनी डावा डोळा वाचला. उजव्याला आता उजेड नि सावली, एवढंच. परतीच्या वाटेवर दोंदू तिच्याशी एक शब्द बोलली नाही. नेझिहेला वाटत होतं, हिने शिव्या द्याव्यात, निदान पाणवठ्यावरच्या तरी.

आठवड्याने ताहसिन तपासणीचं रक्त द्यायला दवाखान्यात आला, आईबरोबर. तेवढ्यात रिफ्कीही अर्ज घेऊन हजर. "हा तुझ्यासमोर फाडतो, ताई. सुई स्वच्छ होती, सगळ्यांनी पाहिलंय."

"फाडलास तर हात मोडीन!" तिने कागद हिसकला, घाणेरड्या सुईची ओळ खोडली, खाली लिहिलं, 'पहिला फोड मी लपवला', आणि एकोणतिसावी सही ठोकली. "पाठव."

"अगं, पण तुझी बदली झाली तर याच्या गोळ्या कोण बघणार?" दोंदू पहिल्यांदाच बोलली.

"हे अंगठा उठवताना सुचलं नाही?" नेझिहे गरजली. मग डबी शेगडीवर ठेवून घड्याळ समोर ओढलं. वीस मिनिटं भरली. ताहसिनने बाही वर केली. सुई शिरेत घालताना ती त्याच्यावरही ओरडली, पण तिचा आवाज चिरकला.

"परवा फोड येईल. आला की आईला दाखव, रिफ्कीला दाखव, गावभर दाखवत फीर. कळलं?"