चौघांचं मशीन आणि मागचं दार

आमच्या कॉलनीच्या मंडळाच्या सेक्रेटरीने मला व्हिडिओ गेमच्या विरोधात पत्रक लिहायला सांगितलं होतं. मथळाही त्यानेच दिला होता: 'तरुणांनो, या काचेच्या डब्यांपासून सावध'. मंडळाची पत्रकं मीच लिहिते, स्टेन्सिल मीच कापते, सायक्लोस्टाइलची शाई माझ्याच नखांत असते. पण न बघितलेल्या गोष्टीवर मी लिहीत नाही. म्हणून गेल्या वर्षी बघायला गेले. ते पत्रक अजून झालेलं नाही. त्याऐवजी हे लिहिते आहे.

पार्लर घाटकोपर स्टेशनकडून आमच्या कॉलनीकडे येताना लागतं. आधी तिथे पिठाची गिरणी होती. आता काळ्या काचेचं दार आहे, आत अंधार आणि भिंतीला टेकून उभी मशीनं. मालक कोण? आमच्या कॉलनीचं मैदान पत्रे ठोकून घशात घालायला निघालेला शेठ. म्हणजे पोरांची खेळायची जागा आधी काढून घ्यायची, मग त्यांनाच ती नाण्यागणिक विकायची. हे वाक्य पत्रकात झकास बसलं असतं.

मी एकटी जाणार नव्हते. चुलतभावाला बरोबर घेतलं, तो शनिवारी दुपारी मोकळा असतो. सेक्रेटरी पण आला, 'पाहणी' करायला. पहिल्या दिवशी दार मी चुलतभावाला ढकलायला लावलं. आत एकही मुलगी नव्हती, आणि आम्ही कोण आहोत हे काउंटरवर माहीत असेल असं वाटत होतं. मी घाबरट आहे. घोषणा मोठ्याने देते म्हणून कोणाला ते खरं वाटत नाही.

तर मतं. विमानाने विमानं पाडायचा गेम बेकार. एकटा माणूस, वरून संपत नाहीत असे शत्रू, आणि कशासाठी ते कोणी सांगत नाही. दोन स्टिअरिंगवाला मोटारींचा गेम बरा, पण तिथे शेजारचा पोरगा गाडीपेक्षा कोपर जास्त चालवतो. दोन दोस्त मिळून गल्लीतल्या गुंडांना बडवतात तो गेम सगळ्यांचा लाडका, आणि मला त्याचा सगळ्यात जास्त राग आहे. सुरुवातीलाच गुंड एका मुलीला खांद्यावर टाकून नेतात. तिने काही करायचं नाही. शेवटपर्यंत पोहोचलात तर ते दोघे दोस्त तिच्यासाठी एकमेकांनाच मारतात. मुलगी म्हणजे बक्षीस. मी हे मशीनसमोर उभी राहून बोलले तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "ताई, खेळायचं नसेल तर हट ना, नंबर लागलाय."

भूमिका घेऊन खेळायचे गेमही पाहिले. सेक्रेटरीच्या मेव्हण्याने गल्फमधून कॉम्प्युटर आणलाय, तो मुलुंडला त्याच्या घरी टीव्हीला जोडलेला असतो. कॅसेट किरकिरत चालू होते, मग पडदा विचारतो, तू कोण? ताकद किती, अक्कल किती, धैर्य किती? एकूण गुण ठरलेले, वाटणी आपण करायची. मी जवळजवळ सगळे धैर्यात टाकले. सेक्रेटरी म्हणाला, "अगं, ताकदीला काहीच नाही ठेवलंस, पहिल्याच उंदराने मरशील." तशीच मेले. तरी त्या गेमबद्दल माझं मत चांगलं आहे. धैर्य असं आकड्यात मागून घेता येतं, हे मला इतर कुठे भेटलं नाही.

पण आम्ही अडकलो ते पार्लरमधल्या चौघांच्या मशीनवर. एकाच पडद्यासमोर चार हँडल. चौघं एकाच भुलभुलैयात उतरतात: पहेलवान, तिरंदाज, दाढीवाला जादूगार आणि तलवारवाली बाई. बाई कोणाला मिळणार हे सांगायला नको. मला जादूगार हवा होता. चुलतभाऊ म्हणाला, "तू बाई आहेस ना, मग बाई घे." या मशीनविरुद्ध माझी पहिली तक्रार ही. दुसरी अशी की नुसतं उभं राहिलं तरी आयुष्याचा आकडा खाली खाली येत राहतो, आणि नाणं टाकलं की वाढतो. यापेक्षा सरळ भाषेत आपला समाज मला कोणी समजावून दिलेला नाही. तिसरी तक्रार सगळ्यात मोठी. या मशीनवर उभं राहिलं की पाठ दाराकडे येते. मागे कोण आलं ते फक्त पडद्याच्या काचेत दिसतं, दार उघडल्यावर उजेडाची एक पट्टी उमटते तेव्हा. माझा अर्धा जीव त्या पट्टीत अडकलेला असायचा.

आम्ही तिघं होतो, चौथं हँडल रिकामं. एका शनिवारी काउंटरवाला येऊन ते धरून उभा राहिला. तिशीचा असेल, कानावर पेन्सिल, शेठचा माणूस. त्याने जादूगार घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, मोकळ्यात काय उभी राहतेस? चारी बाजूंनी खातील. दारात उभी राहा."

"कुठल्या दारात?"

"भिंतीला फट आहे ना, तिच्यात. मग एकेकच येणार. कितीही असू देत, फटीतून एकच."

खरं होतं. भुतं ढिगाने यायची आणि फटीपाशी रांग लावायची. त्या दिवशी आम्ही कधी नव्हे इतके खोल उतरलो. भुलभुलैयात खाणं पडलेलं असतं, ते घेतलं की आकडा वाढतो; चुलतभावाने चुकून माझ्या वाटणीच्या कोंबडीवर बाण मारला, खाणं गेलं, आणि काउंटरवाल्याने स्वतःची थाळी माझ्यासाठी सोडून दिली. सेक्रेटरी कुजबुजला, "बघ हां, पटवतोय तुला." मी म्हटलं, "तू तुझा पहेलवान सांभाळ."

मशीनवर एक रीत असते. कोणी कोणाकडे बघत नाही. डोळे काचेवर, तोंड सुरू, आणि तिथे बोललेलं बाहेर कोणी काढत नाही. मित्र तिथे नापास झाल्याचं सांगतात, घरात कोण कोणाला मारतं ते सांगतात. खेळ संपला की जणू बोललेच नव्हते. मला ही रीत आवडते. आमच्या मंडळात याच्या उलट आहे, तिथे प्रत्येक वाक्याची नोंद होते.

या रितीनेच एका शनिवारी तो बोलला. हँडल फिरवत, आवाज न बदलता.

"उद्या सकाळी टेम्पो येतोय मैदानावर. खांब पुरायला. माणसं पण असतील. तुम्ही येऊ नका."

माझा हात थांबला. पडद्यावर बाईच्या अंगावर भुतं चढली.

"ही धमकी आहे का?" मी विचारलं.

"ताई, मी गेम खेळतोय."

मला तेव्हाही कळलं नव्हतं, आत्ताही नीट कळत नाही. शेठने पाठवलेला निरोप होता की त्याचा स्वतःचा? घरी आले आणि तशीच जेवायला बसले. आईने ताट सरकवलं. "त्या काळोखात जातस कित्याक गो? तोंड बघ कसा झाला." मी तिला टेम्पोचं सांगितलं नाही. रात्री मंडळाच्या बैठकीत मात्र सांगितलं.

सेक्रेटरीचं म्हणणं, धरणं मैदानाच्या मधोमध धरायचं, बॅनर लावून, नेहमीसारखं. मी म्हटलं, मधोमध नको. आमच्या मैदानाला एका बाजूला शाळेची भिंत, दुसरीकडे नाला, बाकी इमारती. आत शिरायला दोन इमारतींमधली एक बोळ. टेम्पो तिच्या तोंडाशी थांबतो, पुढे सामान माणसांनी उचलून न्यावं लागतं.

"बोळीत उभं राहायचं," मी म्हटलं.

"धरणं बोळीत? फोटोत काय दिसणार?"

"मधे बसलो तर उचलून बाहेर फेकतील. बोळीत एका वेळी एकच माणूस येतो."

"हे तुला कोणी शिकवलं?" बैठकीतल्या एकाने विचारलं.

मी बॅनरची घडी घालायला घेतली. चुलतभाऊ खाली बघून हसत होता.

सकाळी आम्ही बोळीत होतो. पुढे मी, पाठीशी चुलतभाऊ, त्याच्यामागे सेक्रेटरी आणि तळमजल्यावरच्या बायका. पुढे मीच, कारण सुचवलं मीच होतं आणि मागे सरकायला तोंड नव्हतं. मी एक गुडघा भिंतीला टेकवून ठेवला होता. धैर्याला काय आकडा द्यावा? शून्य. खोटं कशाला लिहू.

टेम्पो आला. माणसं उतरली, हातात लोखंडी पाइप, खड्डे खणायच्या पहारी. शेठ टेम्पोत पुढेच बसून राहिला. माणसांत काउंटरवाला होता, कानावर पेन्सिल तशीच. त्याने बोळीकडे बघितलं, आम्ही कसे उभे आहोत ते बघितलं. त्याला कळलं. मला ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं आणि मी आधी टेम्पोकडे बघितलं, कारण शेठच्या कानावर गेलं तर ही फटीची युक्ती कुठून आली ते त्यालाही कळणार होतं.

"घुसा रे," कोणीतरी ओरडलं.

पहिला तोच शिरला. माझ्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबला. इतक्या शनिवारांत आम्ही पहिल्यांदा एकमेकांकडे सरळ बघितलं.

"ताई, बाजूला व्हा."

"नाही होणार."

तो पुढे सरकला नाही आणि मागेही गेला नाही. दोन्ही भिंतींना खांदे लावून तसाच उभा राहिला. मागून शिव्या येत होत्या, "ढकल ना तिला," "काय पूजा मांडलीस काय तिथे?" तो म्हणत होता, "ढकलतोय, ढकलतोय," आणि त्याचे हात खाली होते. त्याच्या मागचा एकही माणूस आमच्यापर्यंत पोहोचू शकत नव्हता. फट त्याने भरली होती, त्यांच्या बाजूने.

तेवढ्यात वरच्या गॅलऱ्या भरल्या, लोक चपला घालून खाली यायला लागले. शेठने टेम्पोतून हात हलवला आणि टेम्पो मागे गेला. त्या दिवशी खांब पुरले गेले नाहीत. मंडळाने विजयाचं पत्रक काढलं, मीच लिहिलं. बोळीचं लिहिलं. त्याच्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही.

पुढच्या शनिवारी जायचं नाही असं तिघांनी ठरवलं आणि तिघंही गेलो. तो काउंटरवर होता. उजव्या हाताला मनगटापासून बोटांपर्यंत प्लास्टर.

"काय झालं?" चुलतभावाने विचारलं.

"मशीन सरकवताना अडकला."

आम्ही चौघांच्या मशीनपाशी गेलो. थोड्या वेळाने तो आला, चौथ्या जागेवर उभा राहिला, डाव्या हाताने हँडल धरलं. बटण दाबायला हात नव्हता. जादूगार नुसता चालत होता आणि मार खात होता. मी माझा उजवा हात लांब करून त्याच्या बटणावर ठेवला. "तुम्ही चालवा. मारायचं मी बघते." माझी तलवारवाली बाई एका फटीत उभी करून ठेवली, तिचा आकडा आपोआप उतरत होता.

काचेत उजेडाची पट्टी उमटली. मागे दार उघडलं होतं. अत्तराचा वास आधी आला, मग काचेत पांढरा सफारी दिसला. शेठ आमच्या पाठीशी येऊन उभा राहिला. चुलतभावाचा श्वास मला ऐकू येत होता.

"कोण जिंकतंय?" शेठने विचारलं.

मी बटण दाबत राहिले. काउंटरवाला पडद्याकडे बघत म्हणाला, "यात तसं नसतं शेठ. चौघं एकाच बाजूचे असतात."

"असं," शेठ म्हणाला. आणि उभाच राहिला.

चुलतभाऊ नंतर सगळ्यांना सांगत फिरला की आम्ही मागे वळूनसुद्धा बघितलं नाही, शेठला किंमत दिली नाही. तसं नव्हतं. मागे वळायची माझी हिंमत नव्हती, एवढंच. खेळत होते तोवर बघावं लागत नव्हतं. बटणावरचं बोट थरथरत होतं आणि त्या थरथरण्याने जादूगार एकसारखा मारत सुटला होता. शेजारचं हँडल डावीकडे वळलं, माझी बाई उभी होती त्या फटीकडे, आणि मी बटण दाबत त्याच्याबरोबर गेले.