भुताच्या दारातले बूट

हडपसरच्या आयटी पार्कला जाणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसमध्ये एक बाई रोज खिडकीशी चित्रं काढत बसायच्या. एका जुन्या इंग्रजी भयकादंबरीचं मराठी कॉमिक करत होत्या. किल्ल्याचे सरळ खांब त्या सिग्नलला काढायच्या. भुताचे केस मात्र खड्ड्यांसाठी राखून ठेवलेले. गुळगुळीत रस्ता लागला की वैतागायच्या.

एकदा मी डोकावलो. नायक भुताच्या किल्ल्यात शिरत होता आणि त्याचे बूट दारात काढून ठेवलेले, अगदी नीट जोडीनं.

"अहो, इंग्रज माणूस बूट घालूनच आत जातो," मी म्हणालो.

मान वर न करता त्या म्हणाल्या, "भुताचं असलं तरी घर आहे ना? फरशी कोण पुसणार, तुम्ही?"



काही दिवसांनी त्यांनी शेवटचं पान माझ्यापुढे धरलं. सकाळ झालेली. किल्ल्याचं दार बंद. रक्त नाही, किंकाळी नाही. पायरीवर फक्त ते बूट, तसेच, नीट जोडीनं.

मी पान उलटून पाहिलं. मागे कोरं होतं.

बाईंनी खोडरबर पुढे केलं. "घ्या. खोडा आता."

अजूनही कुणाच्या दारात चपलांची एकच जोडी दिसली, की मी आधी बाहेरूनच हाक मारतो.