प्रभाकरच्या मातीला मी गेलो नाही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पाळकसाहेबांना नाही. प्रार्थनेत डोळे मिटून बसतो तेव्हासुद्धा या गोष्टीला वळसा घालूनच पुढं जातो. आज तुम्हाला सांगतोय, कारण उद्या सकाळी मला हेच एका बाईच्या दारात उभं राहून सांगायचंय. तिथं शब्द अडकायला नकोत.

मी शाळामास्तर होतो, आता निवृत्त. तुळजापूर तालुक्यात, सोलापूरकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. ख्रिस्ती घरं वीस-बावीस, चर्च पत्र्याचं. त्या मंडळीचा मी वडील — म्हणजे पाळकसाहेबांच्या खालोखाल ज्याच्याकडं बघायचं तो माणूस. रविवारी शास्त्रवाचन माझ्याकडं. लोक सर म्हणतात. अजून म्हणतात.

प्रभाकर आमच्या मंडळीतला शिंपी. कोरोनात बाजार बंद झाला तेव्हा दुकानात उरलेल्या कापडाचे त्यानं मास्क शिवले आणि गावभर वाटले, कोण कुठल्या देवाचा हे न बघता. मंडळीनं घरं वाटून घेतली होती — कुणाला औषध आणून द्यायचं, कुणाकडं डबा पोचवायचा. याद्या मी करायचो. उन्हात हिंडायचा तो प्रभाकर. मला याद्या आवडायच्या. घरात बसून करता येतात ना.

दुसऱ्या लाटेत मार्थाबाई आजारी पडली. एकटी म्हातारी, आमच्यातलीच. रिक्षावाला तयार होईना. प्रभाकरनं तिला मोटारसायकलवर मागं बसवलं, पडू नये म्हणून टॉवेलनं स्वतःच्या कमरेशी बांधून घेतलं आणि दवाखान्यात नेलं. मार्थाबाई वाचली. प्रभाकरला मात्र तिसऱ्या दिवशी ताप भरला, आणि पुढच्या आठवड्यात सोलापूरच्या एका दवाखान्यात तो वारला.

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास पाळकसाहेबांचा फोन आला. ते स्वतःही त्याच आजारानं खाटेवर होते, दर चार शब्दांनी दम लागत होता.

"सर, गाडी बारापर्यंत पोचंल. खड्डा मशीननं झालाय. त्याची सुशीलाबाई अन् पोरी घरात अडकून, त्यांनाही लागण हाय. पेटी उतरवायला चार माणसं पाहिजेत. तुमी पुढं व्हा, म्हंजे बाकीचे येतील."

मी पुढं झालो असतो तर बाकीचे आले असते. हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही.

अजून एक गोष्ट सांगायला हवी. माझी आई गेली तो मे महिना होता. दफनभूमीची जमीन मुरमाड, तेव्हा मशीन कुठलं? प्रभाकरनं भर उन्हात पहार मारली, हाताला फोड आले, ते फुटले. मी पाणी घेऊन गेलो तर म्हणाला, "सर, तुमी आईपाशी बसा. हे आमी बघतो." मी आईपाशी बसलो. त्याच्या पोरींना शाळेत मी शिकवलं, एवढंच काय ते माझं त्याच्यासाठी केलेलं.

तर — फोनवर मी काय म्हणालो?

म्हणालो, "साहेब, मला सकाळपासून अंगात ताप हाय."

ताप नव्हता. साधी कसकससुद्धा नव्हती. मी न्याहारी करून पेपर वाचत बसलो होतो.

पाळकसाहेबांनी फोनवरच माझ्यासाठी प्रार्थना केली. दम लागलेल्या माणसानं माझ्या न आलेल्या तापासाठी प्रार्थना केली, आणि शेवटी मी आमेन म्हणालो. ते आमेन आठवलं की आजही माझी मान खाली जाते.

भीती वाटली, हे खरं. पण भीती सगळ्यांनाच होती. प्रभाकरला नव्हती का?

खोटं एकदा बोललं की ते सांभाळावं लागतं. बायकोनं मला बाहेरच्या खोलीत ठेवलं. तपासणीला जाऊन आलो असं सांगितलं — खरं तर फाट्यापर्यंत जाऊन परतलो होतो. मंडळीत एकच ऑक्सिमीटर होता, तो माझ्याकडं आला. बोट घातलं की अठ्ठ्याण्णव दाखवायचा. मी दाराआडून बायकोला त्र्याण्णव सांगायचो. का? कुणाला शंका येऊ नये म्हणून. त्या दिवसांत दुसऱ्या एका घरातून त्याची मागणी आली, तर त्यांना निरोप गेला की सरांचं जास्त हाय, थोडं थांबा. ते घर निभावलं. त्यात माझं काही नाही.

प्रभाकरला माती कुणी दिली, हे मला रफिकनं सांगितलं. रफिकचं गॅरेज माझ्या घरासमोर आहे. तो रस्त्यातच, लांब उभा राहिला. मला बरं वाटावं म्हणून आला होता.

"सर, फिकीर करू नका. आमी चौघं गेलतो, व्यवस्थित झालं सगळं. तुमच्यात काय वाचतात ते आमाला कुठं ठावं? पाळकसाहेबाला फोन लावला अन् मोठ्या आवाजात वर धरला. ते बोलंपर्यंत माती न्हाय लोटली."

रफिकचा आणि प्रभाकरचा काय संबंध? मास्क घेतले होते, एवढाच. आणि मी खिडकीच्या गजाला धरून, आजारी माणसासारखी मान हलवली.

चौदा दिवस डबे येत होते. शेवटचे चार दिवस सुशीलाबाईचा डबा आला — प्रभाकरच्या बायकोचा. स्वतःचे दिवस संपल्या-संपल्या ती चुलीपाशी उभी राहिली होती. डबा ओट्यावर ठेवून मागं सरकायची आणि म्हणायची, "सर, गरम हाय तवर खावा. ह्यांच्या तोंडाची चव गेलती, शेवटी कायच गेलं न्हाय पोटात."

मी ते जेवलो. चवीनं जेवलो. भूक तर रोजच्यासारखी लागत होती.

इथं थांबलो असतो तरी मी एक भित्रा माणूस, एवढंच ठरलं असतं. पण मी थांबलो नाही.

चर्च उघडलं त्या रविवारी पाळकसाहेबांनी मला साक्ष द्यायला उभं केलं. आमच्यात देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर उठून सांगतात, ती साक्ष. नाही म्हणता आलं असतं. मी उठलो. मरणाच्या दारातून देवानं मला परत आणलं, तुमच्या प्रार्थनांनी आणलं, असं म्हणालो. मला बोलता येतं, तीस वर्षं बोलण्याचीच भाकरी खाल्ली आहे. बायका रडल्या. मीही रडलो — आणि ते रडणं खोटं होतं की खरं, हे मला आजही सांगता येत नाही.

बाहेर सुशीलाबाई भेटली. म्हणाली, "सर, तुमच्यासाठी मी पण प्रार्थना केलती. ती देवानं ऐकली. ह्यांच्यासाठी केलेली का ऐकली न्हाय, एवढं सांगता का? तुमी शिकलेले हाव."

मी तिला काय सांगितलं? सांगितलं की देवाची योजना आपल्याला कळत नाही.

तेव्हापासून ती चर्चला येते, पण मागच्या चटईवर बसते, आणि मोठ्यानं प्रार्थना करत नाही. पूर्वी तिचा आवाज सगळ्यांत पुढं असायचा. गेल्या महिन्यात महिला मंडळात तिनं पुन्हा तोच प्रश्न विचारला, बायकोनं घरी येऊन सांगितलं. इतकी वर्षं ती बाई स्वतःतच काहीतरी कमी शोधते आहे — आपली श्रद्धा उणी पडली का, आपण मागायला चुकलो का. आणि तिच्या त्या हिशेबात तुलनेला मी आहे. माझा ताप, माझं बरं होणं.

त्या दिवशी ठरवलं. वडीलपणाचा राजीनामा लिहून पाळकसाहेबांकडं दिला. कारण विचारलं तर म्हणालो, रविवारी सगळ्यांसमोर सांगतो. बायकोला आज दुपारी सांगणार आहे. रफिकलाही सांगायचंय, त्याच्या गॅरेजात जाऊन.

पण त्याआधी उद्या सकाळी सुशीलाबाईचं दार. रविवारी गर्दीत तिच्या कानावर पडावं, हे बरं नाही. काय बोलायचं ते मी अनेकदा लिहून पाहिलं. प्रत्येक वेळी वाक्यं लांबत गेली, त्यांत माझीच बाजू यायला लागली, म्हणून ती सगळी खोडली. उरलं ते इतकंच:

सुशीलाबाई, मला ताप आलाच नव्हता. मी घाबरलो, खोटं बोललो आणि प्रभाकरच्या मातीला आलो नाही. देवानं माझं ऐकलं आणि तुमचं ऐकलं नाही, असं काही घडलेलंच नाही.