ओढ्याच्या कोणत्या काठाला

नकाशांच्या कचेरीत तिला सगळे रेघबाई म्हणत. मोजणीदारांनी आणलेल्या आकड्यांवरून शाईने नकाशे काढायचं काम तिने तीस वर्षं केलं. रेघ ओढताना तिचा हात कधी कापला नाही. निवृत्त झाल्यावर मात्र हाताला काम उरलं नाही आणि डोक्याला एकच उरलं.

तीन राज्यांच्या सीमा जिथे मिळतात, तिथला जुना दगड. सतरा वर्षांपूर्वी त्या भागाचा नकाशा तिनेच काढला होता. मोजणीच्या दोन वह्यांमध्ये दगडाची जागा वेगवेगळी होती; एकीत ओढ्याच्या उत्तरेला, दुसरीत दक्षिणेला. तिने साहेबांना विचारलं. ते घाईत होते. अक्षर बरं असेल ती वही धरा म्हणाले. तिने उत्तरेची वही धरली. नकाशा छापला गेला आणि शंका तिच्या मानगुटीवर बसली.

नवरा शिंपी, थंड डोक्याचा. महिनाभर तिची घरातली येरझार बघून शेवटी त्याने मशीन थांबवलं.

"एकदा जाऊन बघून ये. नाहीतर फरशी झिजेल," तो म्हणाला, आणि स्वतःही सोबत निघाला.

दोन बस बदलून, वर तासभर चालून ते ओढ्याशी पोचले. उत्तरेच्या काठावर नुसती झुडपं. तिने तीनदा काठ पालथा घातला. दगड कुणी उचलून नेला असेल, असं नवऱ्याने सुचवलं. तिला ते ऐकवेना. चपला हातात घेऊन ती पाण्यात उतरली.

दगड दक्षिणेला होता. कमरेएवढा, तीन बाजूंचा, दर बाजूला एकेका राज्याचं नाव कोरलेला. त्यावर कुणीतरी लुगडं वाळत घातलं होतं. ओढा आणि दगड यांच्या मधोमध एक घर होतं, आणि दारात एक म्हातारी भाजीच्या जुड्या बांधत होती.

दगडाची चौकशी करताच म्हातारीने मनातलं सगळं ओतलं. बारा वर्षं ती विजेसाठी खेटे घालत होती. उत्तरेकडची कचेरी नकाशा दाखवून म्हणे, तुम्ही दक्षिणेच्या. दक्षिणेकडची दगड दाखवून म्हणे, तुम्ही उत्तरेच्या.

रेघबाईने हातातल्या चपला खाली ठेवल्या. "आजी, तो नकाशा मी काढलाय," ती म्हणाली.

म्हातारीने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मग तुम्हीच खोडा."

नवऱ्याच्या खिशात मापाची टेप होती. दोघांनी गुडघे टेकत, टेप पुढे पुढे सरकवत ओढ्यापासून दगडापर्यंतचं अंतर मोजलं. तिने ते दोनदा लिहून घेतलं.

नकाशांच्या कचेरीतल्या नव्या साहेबांनी सल्ला दिला, की दुरुस्तीच्या अर्जात वह्यांचा घोळ म्हणा, स्वतःचं नाव कशाला गोवता? तिने नाव घातलं, शंका असूनही गप्प बसले हेही लिहिलं. मग दर सोमवारी ती कचेरीत जाऊन बसू लागली. अकरा महिन्यांनी फेरमोजणी झाली, नकाशा दुरुस्त झाला, आणि उत्तरेकडच्या कचेरीने म्हातारीला वीज दिली.

म्हातारीने फोन करून दिवा लागल्याचं कळवलं. रेघबाईला बरं वाटलं, पण तेवढ्यापुरतंच. त्याच दुपारी तिने आठवून आठवून शंकेच्या आणखी चार जागा कागदावर लिहिल्या आणि नवऱ्याला बसच्या वेळा विचारल्या.